स्मार्ट कापडावरचा प्रकल्प निवडण्याआधी

जुलै उजाडला की शेवटच्या वर्षाची मुलं तिघा-चौघांच्या गटाने केबिनमध्ये येतात आणि म्हणतात, "सर, स्मार्ट टेक्स्टाइलवर काहीतरी करायचंय." म्हणजे वीज वाहणारं, काहीतरी मोजणारं किंवा उष्णतेला प्रतिसाद देणारं कापड. त्या 'काहीतरी'तून पहिल्या दोन आठवड्यांत मोजता येईल असा एक प्रश्न निघाला, तर प्रकल्प मार्चपर्यंत तडीस जातो. नाही निघाला, तर फेब्रुवारीत एलईडी लावलेलं जॅकेट तयार होतं, परीक्षक विचारतात "यातून काय कळलं?" आणि सगळा गट गप्प होतो. ते बघवत नाही, कारण मुलांनी रात्री जागून मेहनत घेतलेली असते. म्हणून विषयपत्रावर सही घ्यायला येण्याआधी काय काय तपासून यायचं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे हे कापड कोणाच्या अंगावर जाणार ते ठरवा आणि त्या माणसाला जाऊन भेटा. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये १९९६ साली सुंदरेसन जयरामन यांच्या गटाने नौदलाच्या निधीवर काम सुरू केलं, तेव्हा विचारलेला प्रश्न साधा होता: सैनिकाला गोळी लागली, तर ती कुठे लागली हे त्याच्या अंगातल्या बनियनवरून कळेल का? त्यासाठी त्यांनी कापडात प्रकाशतंतू गुंफला. तंतू तुटला की प्रकाश पुढे जाणार नाही, आणि तुटल्याची जागा शोधता येईल. ठोके आणि श्वास टिपणारे संवेदक जोडण्याची सोयही त्याच बनियनमध्ये झाली. तुमच्यासमोर कदाचित सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देण्याच्या खात्यातल्या उष्णतेत राबणारा कामगार असेल, किंवा अंथरुणाला खिळलेली आजी. कपडा कुठे घासतो, घाम कुठे साचतो, धुतो कोण आणि कशाने, एवढं वहीत उतरवून आणा. माझ्या अनुभवात निम्मे विषय या एका भेटीतच बदलतात, आणि चांगल्यासाठी बदलतात.

दुसरं, धागा विकत घेण्याआधी कागदावर हिशेब करा. दरवर्षी एक तरी गट 'उन्हात गार ठेवणारा शर्ट' घेऊन येतो. कल्पना अशी की ऑक्टाडेकेनसारखं मेण सूक्ष्म कुप्यांत भरून कापडावर बसवायचं. ते २८ अंशांच्या आसपास वितळतं आणि वितळताना उष्णता शोषतं. किती शोषतं? एका ग्रॅमला साधारण २४० ज्यूल. शर्टावर १०० ग्रॅम बसवलं असं धरा, म्हणजे झाले २४ हजार ज्यूल. निवांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतं. भागाकार केला की उरतात चार मिनिटं. शिवाय विदर्भातल्या मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २८ च्या खाली उतरला नाही, तर ते मेण सकाळपर्यंत घट्टच होणार नाही. म्हणजे विषय टाकून द्यायचा का? नाही. प्रश्न बदलायचा. थंडीत गोठताना तेच मेण शोषलेली उष्णता परत देतं. शीतगृहातून बाहेर-आत करणाऱ्या हमालाच्या हातमोज्याला अशी थोडी मिनिटंही फार मोलाची ठरू शकतात.

तिसरं धाग्याचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला स्वतःला हा भाग फार आवडतो. मल्टिमीटर, म्हणजे वीज वाहते का हे वाजून सांगणारं छोटं उपकरण, घेऊन घरी जा. आईला विचारून कपाटातली जुनी पैठणी किंवा शालू काढा आणि एकाच जरीच्या धाग्यावर दोन बोटांच्या अंतराने मीटरची दोन टोकं अलगद टेकवा. जर खरी असेल, म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमावर गुंडाळलेली असेल, तर मीटर लगेच वाजतो. प्लास्टिकची जर असेल तर सहसा काहीच होत नाही. तिथे पॉलिस्टरच्या फितीवर धातूचा अगदी पातळ थर असतो आणि वर संरक्षक लेप. वीज वाहणारं कापड म्हणजे काय, हे पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा या एका मिनिटात चांगलं कळतं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९७ च्या सुमारास कापडावर सर्किटं केली, तेव्हा त्यांच्या हातात रेशमी ऑर्गन्झाच होतं: ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, साधं रेशीम, बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, तांब्याची पत्ती गुंडाळलेलं रेशीम. त्यामुळे वीज आडवी वाहते, उभी वाहत नाही, आणि शेजारचे धागे एकमेकांपासून आपोआप वेगळे राहतात. आपल्या विणकरांच्या हातातली ही रचना आहे. ती नीट मोजून मांडणारा गट मला अजून भेटायचा आहे.

बाजारातून धागा घेणार असाल तर चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉन आणि स्टेनलेस स्टीलचा धागा, दोन्हींचे थोडे थोडे नमुने मागवा. दर मीटरला किती ओहम रोध, म्हणजे विजेला किती अडथळा, हे स्वतः मोजा. आणि विणून कोण देणार ते आधी विचारा: एका मीटर कापडासाठी यंत्रमागवाला मागावर चढवलेला ताण्याचा रूळ, म्हणजे बीम, उतरवणार नाही. हातमाग, नमुन्याचा माग किंवा हाताने चालणारं होजियरी यंत्र कुठे मिळतं, ते जुलैतच बघून ठेवा.

जोडाचा विचार मुलं शेवटी करतात, आणि घात तिथेच होतो. तापलेली सोल्डरिंगची सळई टेकवली की नायलॉन वितळतं. स्टीलला साधं सोल्डर धरत नाही. टिच बटण हा स्वस्त आणि बऱ्यापैकी भरवशाचा उपाय आहे, पण तेही शंभर वेळा लावून-काढून प्रत्येक वेळी रोध लिहून ठेवा.

मग धुणं. काही वर्षांपूर्वी एका गटाने श्वास मोजणारा छातीचा पट्टा केला होता. होजियरीचं कापड ताणलं की विणीतले धाग्याचे फासे सरकतात, रोध बदलतो, श्वासाची लाट पडद्यावर सुरेख दिसते. सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात मी म्हटलं, धुऊन आणा. दोन-तीन धुण्यांत लाट बोथट झाली, पुढे दिसेनाशी झाली. मुली रडवेल्या झाल्या. चूक माझी होती, मी हे ऑगस्टमध्ये सांगायला हवं होतं. त्यांनी उरलेल्या पट्ट्या वेगवेगळ्या साबणांत धुऊन प्रत्येक धुण्यानंतरचा रोध आलेखावर मांडला, आणि परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच आलेखापाशी घालवला. म्हणून धुलाईची चाचणी प्रकल्पाच्या मध्यावर ठेवा आणि त्यासाठी किमान पाच जादा नमुने विणून घ्या. घामाचंही तसंच: मिठाच्या द्रावणात भिजवून एकदा मोजाच.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. मोजमाप करताना खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहा; आपल्याकडे चाचणीसाठी २७ अंश आणि ६५ टक्के धरतात, आणि पावसाळ्यात घेतलेला सुती कापडाचा आकडा उन्हाळ्यात जुळत नाही. माणसांवर चाचणी करायची असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या, तिला महिने लागू शकतात. अंगावरच्या सर्किटला छोटी बॅटरीच, भिंतीतली वीज कधीही नाही. इलेक्ट्रॉनिक्स शाखेचा एक तरी सोबती गटात असू द्या.

एवढं झाल्यावर एका ओळीत लिहून आणा: काय मोजणार, कशाने मोजणार, किती नमुन्यांवर, किती धुण्यांनंतर. शीर्षकाची जागा तूर्त कोरी असली तरी चालेल.