गारपिटीनंतरचे पहिले चार दिवस : ‘रावे’साठी गावात जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, म्हणजे आपण ज्याला ‘रावे’ म्हणतो त्यासाठी, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी किंवा चांदवड तालुक्यातल्या एखाद्या गावात तुमची नेमणूक होईल, तेव्हा माती परीक्षण, बीजप्रक्रिया, प्रात्यक्षिके, शेतकरी मेळावा असे सगळे तुमच्या वहीत आधीच आखलेले असेल. गारपीट त्या वहीत नसते. माझ्या वाट्याला ती आली. त्या चार दिवसांत जे पाहिले, जे केले आणि जिथे चुकलो, ते पुढच्या तुकड्यांना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. आज मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत क्षेत्र अधिकारी आहे आणि या कामाचा पाया त्याच चार दिवसांत घातला गेला, असे मी मानतो.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात मी ज्यांच्या घरी राहत होतो, त्या आप्पांच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. दुपारनंतर आभाळ काळवंडले, वारा सुटला, टपोरे थेंब पडले आणि मग पत्र्यावर गारांचा असा मारा सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. थांबला तेव्हा अंगणात बोराएवढ्या, मधूनच लिंबाएवढ्या गारांचा थर होता. आप्पांच्या नातीने एक मोठी गार विळीवर धरून कापली. आत कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे होते, एक काचेसारखा नितळ आणि एक दुधट. ढगातल्या वर चढणाऱ्या प्रवाहात, गोठणबिंदूखाली जाऊनही पाणीच राहिलेले थेंब गारेला चिकटून गोठतात. सावकाश गोठले तर थर नितळ होतो, झटकन गोठले तर आत हवा अडकून दुधट होतो. हे मी वर्गात शिकलो होतो, पण पाहिले त्या दिवशी.

मी आप्पांच्या द्राक्षबागेकडे पळायला निघालो तेव्हा आप्पांनी हाक मारून थांबवले. ‘बाग कुठं जात नाही, पोरा. आधी टोळीची पालं बघून ये.’ सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून छाटणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), विरळणी (घडातले जादा मणी काढणे) अशा कामांसाठी आलेल्या मजुरांच्या टोळ्या हंगामभर बांधावर, प्लॅस्टिकच्या कागदाच्या पालांत राहतात. आप्पांच्या बांधावर वीस-बावीस माणसे होती. कागदाच्या चिंध्या झाल्या होत्या, पीठ-मीठ भिजले होते. एका बाईने लहान मुलीच्या डोक्यावर घमेले धरून सारा मारा काढला होता. मूल कोरडे होते, पण घमेल्याची कड धरलेली त्या बाईची बोटे सुजून काळीनिळी झाली होती. आप्पांच्या शेजारच्या वस्तीवरचे दोघे ट्रॅक्टर घेऊन माझ्या आधीच तिथे पोहोचले होते. त्यांनी सगळ्यांना ट्रॉलीत बसवून मंदिराच्या सभामंडपात आणले, आणि अंधार पडेपर्यंत चार घरांतून भाकरी, पिठले आणि कोरड्या गोधड्या येऊन पडल्या. कोणी कोणाला सांगितले, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की गाव आधीच कामाला लागलेले असते. सावड हा शब्द तुम्ही ऐकला असेल, आज तुझ्या शेतात मी आणि उद्या माझ्या शेतात तू. पेरणीला, काढणीला ती चालते, तशी संकटातही चालते, आणि तिची स्वतःची घडी असते. आमच्या महाविद्यालयातून दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय सेवा योजनेची तीस मुले आली, तेव्हा त्यांनी स्वतःचा वेगळा कार्यक्रम आखण्याऐवजी सावडीच्या चार गटांत वाटून घेतले. कोण कोणत्या वस्तीवर जाणार, हे गावातली माणसे ठरवत होती. शहरातून येणाऱ्याने सोबत काय आणावे, हेही आधी फोन करून विचारावे. आमच्याकडे जुन्या कपड्यांचे गाठोडे आले, ते तसेच पडून राहिले. ताडपत्री, सुतळी, मेणबत्त्या आणि कोरडा शिधा मात्र अर्ध्या तासात संपला. विजेचे खांब वाकले होते. तुटलेली तार मेलेली आहे असे समजून तिच्याजवळ जाऊ नका. महावितरणच्या माणसाने सांगितल्याशिवाय त्या शेतात पायही ठेवू नका.

आता पंचनाम्याविषयी, कारण विद्यार्थी म्हणून तुमचा सर्वांत मोठा उपयोग इथेच होतो, आणि माझी सर्वांत मोठी चूकही इथेच झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दहा जण उत्साहाने एका काकूंच्या अर्ध्या एकराच्या बागेत शिरलो. नवरा गेलेला, मुलगा बाहेरगावी शिकायला. मोडलेले शेंडे, फाटलेली पाने, झडलेले घड असे सगळे वेचून आम्ही संध्याकाळपर्यंत बाग लख्ख केली. चौथ्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पाहणीला आले, तेव्हा त्यांच्यासमोर एक स्वच्छ, बऱ्यापैकी हिरवी बाग होती. नुकसान कमी लिहिले गेले. त्यांचे काही चुकले नव्हते, त्यांनी दिसले ते लिहिले. पुरावा आम्हीच उचलून खड्ड्यात टाकला होता. काकूंच्या मोबाइलमध्ये गारा पडल्यानंतर लगेच काढलेला एक फोटो निघाला, शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी जबाब दिला आणि नोंद दुरुस्त झाली, परंतु त्यासाठी काकूंना तालुक्याला तीन हेलपाटे घालावे लागले. शासनाच्या मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याला त्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे असण्यात किती फरक पडतो, हे मला त्या काकूंच्या चेहऱ्यावर दिसले.

तेव्हापासून मी क्रम बदलला. बागेत शिरल्यावर आधी फोटो काढायचे, तेही मोबाइलचे लोकेशन सुरू ठेवून. एक फोटो दुरून, ज्यात विहीर, घर किंवा मोठे झाड अशी ओळखीची खूण येईल. एक जवळून, ज्यात काडीवरची जखम दिसेल. आणि प्रत्येक फोटोत गट क्रमांक व तारीख ठळक लिहिलेला कागद. मग वेगवेगळ्या ओळींतली पाच-सहा झाडे निवडून प्रत्येकावरचे एकूण घड आणि मार लागलेले घड मोजायचे, आणि ते आकडे शेतकऱ्याच्याच वहीत, त्याच्या सहीसह लिहायचे. मधलीच झाडे निवडू नका, कडेच्या ओळींना वाऱ्याकडून जास्त मार बसतो आणि अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. सफाई करावीच लागली, तर दोन ओळी पाहणी होईपर्यंत जशाच्या तशा ठेवा.

कागदांत सातबारा, आठ-अ (खातेउतारा), आधार आणि बँक पासबुक लागते. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर बाकीच्यांची संमती लागते, आणि ती जमवताना जुने भाऊबंदकीचे वाद उफाळतात. तिथे तुम्ही मध्ये पडू नका, गावातल्या जाणत्या माणसाला बोलवा. ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल ॲपवर करायच्या पीकनोंदीत, पिकाची नोंद झाली आहे का, ते तपासा, कारण २०२१ पासून सातबाऱ्यावरचे पीक त्या नोंदीतून येते आणि पुष्कळ वयस्कर शेतकऱ्यांना ती मोबाइलवर करता आलेली नसते. वाट्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. खर्च त्याने केलेला असतो, पण मदत मालकाच्या खात्यात येते. याला तुमच्याकडे उपाय नाही, पण त्याचा हिशेब लिहून ठेवलात, तर मालकासमोर बसून बोलताना त्याच्या हातात काहीतरी असते.

विम्याबाबत शेतकऱ्याला ऐकीव माहिती देऊ नका. आमच्या वेळी स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यायची होती आणि रविवारी रात्री रेंज नव्हती, त्यामुळे दोन मुले घरोघरी फिरून माहिती लिहून घेत होती आणि तिसरा महामार्गावर जाऊन ती ॲपमध्ये भरत होता. पण नियम हंगामागणिक बदलतात. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. फळपीक विम्यात गारपिटीचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते आणि ते ठरावीक तारखांपुरतेच असते. त्या वर्षीचा शासन निर्णय गावात जाण्यापूर्वी वाचून, छापून जवळ ठेवा.

तिसऱ्या दिवसापासून लोक तुम्हाला पिकाविषयी विचारू लागतील, कारण तुम्ही ‘कृषीची पोरं’ असता. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या भागातल्या बागा फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या अवस्थेत असतात. पाने फाटली की घडाला पोसणारे काही उरत नाही आणि ओल्या जखमांवर डाऊनी, भुरी हे बुरशीजन्य रोग झपाट्याने येतात. तरीही औषधाचे नाव तुमच्या तोंडून जाऊ नये. निर्यातीच्या बागेत प्रत्येक फवारणीची नोंद असते, काढणीपूर्व दिवसांचे बंधन असते, आणि चुकीच्या औषधाचा उर्वरित अंश सापडला तर वाचलेला मालही नाकारला जातो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला आणि कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांचे म्हणणे शेतकऱ्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचवणे, एवढेच आपले काम.

‘पुन्हा छाटून बघा’ असे तर चुकूनही म्हणू नका. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यातच काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांच्या कळ्यांत, सूक्ष्म घड तयार होतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तेच फुटून बाहेर येतात. तो फुटलेला घड गारांनी झोडपला, की पुन्हा छाटून पाला येईल, पण माल क्वचितच येईल. म्हणजे पुढचे पीक पाहायला शेतकऱ्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा नीट ठाऊक असते. तो गप्प बसला असेल तर तुम्हीही शेजारी गप्प बसा. चार माणसांत ‘एकूण किती गेले?’ असे विचारू नका.

कांद्याचे निराळे होते. उन्हाळ कांद्याची रोपे तेव्हा वाफ्यांत होती आणि पुष्कळांची जमिनीला सपाट झाली. नवे बी टाकून रोप तयार व्हायला सहा-सात आठवडे जातात, तोवर लागवडीचा काळ उलटतो. गावाच्या खालच्या अंगाला गारा कमी पडल्या होत्या. तिथल्या एका मावशींनी स्वतःच्या लागवडीपुरती रोपे मोजून ठेवली आणि उरलेले वाफे शेजाऱ्यांना उपटून न्यायला सांगितले, बाजारात रोपांचा भाव चढलेला असताना. मी कोणाकडे रोपे हवीत आणि कोणाकडे उरली आहेत, याची यादी करून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली. माझ्या सगळ्या कार्यानुभवातले सर्वांत सोपे काम ते होते, आणि आठ घरांची लागवड त्या यादीवर झाली.

टोळीचे नाव मात्र कोणत्याच पंचनाम्यात नव्हते. बाग गेली म्हणजे विरळणीचे काम गेले, आणि कामच नाही तर मजुरी नाही. गावाने त्यांना बाग साफ करण्याचे, तारा ओढण्याचे काम आठ दिवस दिले आणि नंतर कमी मार लागलेल्या दिंडोरीकडच्या बागांत पाठवले. तुमच्या नोंदवहीत मजुरांसाठी एक पान ठेवा; नाव, मूळ गाव, मुकादमाचा फोन, सोबतची मुले किती.

पुढच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीआधी आप्पांनी बांधावर टोळीसाठी दोन पक्क्या खोल्या बांधल्या. विटा शेजारच्या मोडलेल्या गोठ्याच्या होत्या, पत्रे नवे आणले, आणि काम सावडीने झाले. मी रविवारी जाऊन दोन दिवस विटा वाहिल्या.