नैरोबीत संसार मांडताना
मिशनकार्यासाठी भारतातून कुटुंबासह नैरोबीला जाणाऱ्यांनी सामानात प्रेशर कुकर अवश्य ठेवावा, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवरच्या या शहरात पाणी ९४ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. केनियात वीज २४० व्होल्टची असल्याने आपला मिक्सर तेथे चालतो. प्लग मात्र तीन चपट्या पिनांचा लागतो. तूरडाळ आणि मसाले भारतीय दुकानांत मिळतात. भाड्याचे घर ठरवण्यापूर्वी पाण्याची टाकी स्वतः पाहावी, कारण नळाला रोज पाणी येईलच असे नाही. पुढे व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूला नेमणूक झाल्यास तेथील हिवताप लक्षात घेऊन पहिल्याच रात्री मुलांच्या पलंगांना औषधी मच्छरदाण्या लावाव्यात.