सॅटेलाइट सिम्युलेटरवरची माझी पहिली नोकरी: नव्याने येणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक्स करून मी महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत लागलो. उपग्रहांच्या सिग्नलवरून गाडी कुठे आहे ते सांगणारे ट्रॅकर बनवायचं काम. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने कोपरखैरणे, पुढे शेअर रिक्षा. मला वाटायचं, टेस्टिंग म्हणजे ट्रॅकर गाडीत टाकून घोडबंदर रोडला चक्कर मारायची. तेही करतो आम्ही. पण उड्डाणपुलाखाली एकदा चुकलेलं लोकेशन दुसऱ्या फेरीला चुकेलच असं नाही. तोवर उपग्रह सरकलेले असतात, शेजारचा कंटेनर निघून गेलेला असतो. चूक पुन्हा घडवता आली नाही, तर ती दुरुस्त झाली हे कशावरून म्हणायचं?

सिम्युलेटर लागतो तो यासाठी. प्रत्येक उपग्रहाचा सिग्नल तो स्वतः तयार करतो, ठरवलेल्या जागेप्रमाणे त्याला उशीर लावतो (एका नॅनोसेकंदात सिग्नल साधारण ३० सेंटिमीटर जातो) आणि केबलमधून ट्रॅकरमधल्या रिसीव्हरला देतो. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की मोबाईलवरचा निळा ठिपका अडकतो ना, तसा सिग्नल हवा तेव्हा तोडायचा, पुन्हा सोडायचा आणि रिसीव्हर किती सेकंदांत सावरतो ते मोजायचं. तेही शंभर वेळा, अगदी तसंच.

नवी मुलं आधी सॉफ्टवेअरची बटणं शिकतात. माझं सांगणं आहे की आधी पॉवर आणि वेळ शिका.

जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा सुमारे उणे १३० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असतो, रिसीव्हरच्या नॉइजच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या खरखरीच्याही खाली. त्यामुळे केबलमध्ये किती डीबी (ताकद किती पट घटली-वाढली याचं माप) गेले, प्रत्यक्ष वापरात अँटेनाचा अ‍ॅम्प्लिफायर किती डीबी वाढवणार, हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय टेस्ट सुरू करू नका. आणखी एक, अँटेनासाठी रिसीव्हर त्याच पोर्टवर ३ ते ५ व्होल्ट सोडतो. मध्ये डीसी ब्लॉक, म्हणजे ते व्होल्टेज सिम्युलेटरपर्यंत जाऊ न देणारा जोड, आहे ना, हे जोडायच्या आधी बघा.

वेळेचा धडा मला महाग पडला. सकाळी एक टेस्ट नीट झाली. मग मी दोन वर्षांपूर्वीची तारीख असलेली दुसरी लावली, तर रिसीव्हरला फिक्सच, म्हणजे स्वतःची जागाच, मिळेना. केबल बदलली, कनेक्टर बदलले, बोर्ड बदलला. पण प्रत्येक बोर्ड सकाळच्या टेस्टमधून गेलेलाच होता. दोन दिवस गेले. शेवटी आमच्या मॅडमनी विचारलं, “अरे, आधीचं पंचांग पुसलंस का?” पंचांग म्हणजे अल्मनॅक, कोणता उपग्रह केव्हा कुठे असेल याचा ढोबळ तक्ता. रिसीव्हरने जुनी वेळ आणि अल्मनॅक मेमरीत जपून ठेवले होते आणि त्या क्षणी आकाशात नसलेलेच उपग्रह तो शोधत होता. कोल्ड स्टार्ट दिला, म्हणजे जपलेलं सगळं पुसून रिसीव्हर नव्याने सुरू केला, आणि मिनिटभरात फिक्स आला. तारीख मागेपुढे केली की आधी मेमरी पुसायची, हे तेव्हापासून माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.

तारखेचीच आणखी एक गोष्ट. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा आकडा १० बिटांचा असतो, म्हणून १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं, पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. आज विकलेला ट्रॅकर त्या रात्री कोणती तारीख दाखवेल, हे टेबलावर आजच बघता येतं. मला हे काम आवडतं ते अशा टेस्टमुळे.

ग्राहक “नाविक पाहिजे” (नाविक म्हणजे जीपीएससारखी भारताची स्वतःची यंत्रणा) म्हणाला, तर कोणत्या फ्रिक्वेन्सीवर हे लगेच विचारा. सुरुवातीच्या उपग्रहांवर ११७६.४५ मेगाहर्ट्झ आणि एस बँड होता. एल१, म्हणजे साधा जीपीएस चालतो तो बँड, आला तो मे २०२३ मधल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून. सिम्युलेटरमध्ये तो पर्याय घेतलेलाच नसेल, तर टेस्ट अडते.

मुलाखतीला येताना डीबीची बेरीज-वजाबाकी तोंडपाठ हवी, एनएमईएच्या ओळी (रिसीव्हर जागा, वेळ ज्या ठरलेल्या मजकुरात पाठवतो त्या) वाचता याव्यात आणि टेस्ट रात्रभर चालवण्यापुरतं पायथॉन यावं. महागडा सिम्युलेटर आधी हाताळलेला असावा, अशी अपेक्षा कोणी करत नाही.

आणि सिम्युलेटरच्या आउटपुटला अँटेना कधीही लावायची नाही. परवान्याशिवाय असा सिग्नल हवेत सोडणं गुन्हा आहे. आजूबाजूचे फोन आणि गाड्या भलतीच जागा दाखवू लागतील, आणि वरून विमानं जातात. आमच्याकडे ते पोर्ट वापरात नसताना ५० ओहमच्या टर्मिनेटरने, म्हणजे सिग्नल आतच जिरवणाऱ्या टोपणाने, बंद असतं. संध्याकाळी निघण्यापूर्वी तो लावलाय का, हे आधी नवीन माणूस बघतो आणि मग मी बघतो.