शिक्षेविरुद्ध अपील उशिरा करताय? आधी निकालाच्या नकलेवरच्या तारखा बघा

वकालतनामा (वकिलाला केस चालवायचा अधिकार देणारा कागद), अपील मेमो (अपिलाचा मूळ अर्ज), आधारची झेरॉक्स हे वकील सांगतोच, त्यात वेळ घालवू नका. माणूस आत असेल तर वकालतनाम्यावर सही गोव्यातल्या कोलवाळच्या जेलमधूनच आणावी लागते, ते मात्र पहिल्या दिवशीच लावून द्या. मुदत म्हणाल तर मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली असेल तर सेशन्स कोर्टात ३० दिवस, सेशन्सनं (फाशी सोडून) दिली असेल तर पर्वरीला हायकोर्टात ६०.

आता मुख्य गोष्ट. सर्टिफाइड कॉपी, म्हणजे निकालाची कोर्टानं शिक्का मारून दिलेली नक्कल! तिच्यावर शिक्के असतात, अर्ज कधी केला, कॉपी तयार कधी झाली, नेली कधी. ते वाचा. उशीर किती झाला हे निकालापासून आजपर्यंत सरळ मोजून ठरत नाही, निकालाचा दिवस सोडायचा आणि कॉपीसाठी कोर्टाला लागलेले दिवस वजा करायचे. मागच्या वेळी आमच्या उशीर माफीच्या अर्जात हाच आकडा चुकला, तिथंच सगळं अडकलं. म्हणजे निकाल १ तारखेला, कॉपीचा अर्ज १० ला, कॉपी तयार २५ ला, तर १० ते २५ वजा. पण २५ ला तयार झालेली कॉपी तुम्ही पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला आणायला गेलात तर ते मधले दिवस तुमच्याच खात्यात. आणि अपिलाची मुदत संपल्यावर कॉपीचा अर्ज केला असेल तर काहीच वजा नाही, शून्य. गणेश चवथीच्या सुट्टीत मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी चालतं, तेवढंच. परत सांगतो, शिक्के वाचा, आकडा स्वतः मोजा, वकिलाच्या कारकुनावर सोडू नका.

उशीर माफीचा अर्ज (मुदत कायदा, कलम ५) वेगळा, सोबत ॲफिडेव्हिट. 'घरची अडचण होती' असलं लिहू नका. आजारी होता तर कधी, कुठल्या हॉस्पिटलात, डिस्चार्जचा कागद कुठाय? वकिलानं निकाल कळवला नाही म्हणता तर मेसेज दाखवा. सुप्रीम कोर्टानं १९८७ मध्ये कातिजी प्रकरणात म्हटलंय की प्रत्येक दिवसाचा हिशोब पांडित्यानं मागू नये, पण त्या भरवशावर बसू नका, कागद लावा. खोटं कारण तर नकोच, समोर सरकारी वकील बसलाय.

शिक्षा स्थगितीचा अर्ज वेगळा, अपील घातलं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. दंड भरला असेल तर पावती. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. कागदांचे सेट जादा काढा, ॲफिडेव्हिट नोटरी करा, फाईल करून नंबर घ्या. आणि घालायच्या आधी कॉपीवरचे शिक्के, परत एकदा.