टाय रॉड एंड घरी बदलायचा असेल तर

खड्ड्यातून जाताना पुढून खट् असा आवाज आला की सोसायटीतला प्रत्येक जण "टाय रॉड गेला" म्हणून मोकळा होतो. मुंबईच्या रस्त्यांवर त्या आवाजामागे बऱ्याचदा सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझर लिंक असते, नाहीतर लोअर आर्मचा बुश (रबरी सांधा). म्हणून आधी चाक हलवून बघा, दुकानात नंतर जा. नवशिक्यांचे पैसे वाया जातात ते बहुतेक ही पायरी गाळल्यामुळे.

रचना सोपी आहे. स्टिअरिंग रॅकमधून दोन्ही बाजूंना एकेक दांडी निघते, तीच चाक वळवणारी टाय रॉड. रॅकला जोडलेलं आतलं टोक म्हणजे रॅक एंड आणि चाकाच्या नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागात) बसलेलं बाहेरचं टोक म्हणजे टाय रॉड एंड. दोन्हींत वाटीत बसवलेला गोळा असतो. बाहेरच्या गोळ्यावर छोटा रबरी बूट असतो, आतल्यावर घड्यांचा लांब बूट. बूट फाटला की पावसाळ्यातलं पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघतं, गोळ्याला गंज धरतो आणि प्ले म्हणजे ढिलेपणा सुरू होतो. सखल भागात साचलेल्या पाण्यातून रोज गाडी काढणाऱ्यांनी पावसाळ्याआधी आणि नंतर बूट बघायलाच हवेत.

तपासणी दोन प्रकारे करा. पहिली चाक उचलून. घड्याळाच्या 9 आणि 3 वर हात ठेवून चाक आत-बाहेर हलवा. इथे प्ले असेल तर संशय टाय रॉडवर. 12 आणि 6 वर हलत असेल तर व्हील बेअरिंग किंवा लोअर बॉल जॉइंट बघा. दोन्हीकडे सारखंच हलत असेल तर बहुधा बेअरिंगच गेलं आहे.

दुसरी तपासणी जास्त बोलकी. गाडी जमिनीवर, इंजिन बंद, स्टिअरिंग लॉक उघडलेलं. एकाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे जेमतेम इंचभर हलवत राहायचं. दुसऱ्याने गाडीखाली न शिरता, चाकाच्या मागून हात घालून टाय रॉड एंड आणि नकल यांच्या सांध्यावर बोट ठेवायचं. सांधा चांगला असेल तर दोन्ही एकदम हलतात. झिजलेला असेल तर आधी दांडी सरकते, मग बारीक टक् लागते आणि त्यानंतर नकल हलतं. ती टक् कानापेक्षा बोटाला आधी कळते. रॅक एंडसाठी हेच लांब बूट मुठीत दाबून करा.

टायरही सांगतो. तळवा टायरवर आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा टोचला तर टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांची एकमेकांशी समांतर दिशा, बिघडला आहे.

भाग घेताना दुकानदाराला चेसिस नंबर द्या, नुसतं मॉडेल सांगू नका. काही गाड्यांत पॉवर आणि साध्या स्टिअरिंगच्या दांडीचे आटे वेगळे असतात, काहींत डावा-उजवा वेगळा असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना आरसा किंवा दरवाजा जरूर घ्या, पण स्टिअरिंगचा जुना भाग कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका. नवा टाय रॉड एंड छोट्या गाड्यांसाठी काही शे रुपयांत येतो आणि तो मोडला तर चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. सोबत नवा नट आणि नवी स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुभंगलेली पिन) घ्या. नायलॉनवाला नट असेल तर तो एकदाच वापरायचा असतो.

हत्यारांत जॅक, 2 जॅक स्टँड, 17, 19 आणि 22 चे पाने, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पक्कड, व्हर्निअर किंवा चांगली टेप, टॉर्क पाना आणि बॉल जॉइंट पुलर (सांधा नकलमधून दाबून सोडवणारं हत्यार). पुलर नसेल तर मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळेल. दोन दाती काटा ठोकूनही सांधा सुटतो, पण तो बूट हमखास फाडतो. जुना भाग फेकायचाच असेल तरच वापरा.

जागा सपाट हवी. उतारावर किंवा रस्त्याकडेला हे काम करू नका. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा ठेवा, कारण सुटा ब्लॉक वजनाने एका बाजूला कलतो. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी गुटके, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा आणि मग उचला. नुसत्या जॅकवर गाडी असताना आत हात घालायचा नाही, ह्याला अपवाद नाही.

आदल्या रात्री आटे ब्रशने साफ करून स्प्रे मारून ठेवा. समुद्राजवळच्या गाड्यांत चेक नट (टाय रॉड एंडला दांडीवर पक्का धरणारा नट) इतका गंजलेला असतो की एका रात्रीतही सुटत नाही. अशा वेळी दोन-तीनदा स्प्रे मारा, पाना घट्ट बसलाय ना ते बघा, नाहीतर नट गोल होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: माप. काहीही सैल करण्याआधी आतल्या दांडीवरच्या न हलणाऱ्या खुणेपासून, उदाहरणार्थ पाना धरायच्या चपट्या भागाच्या कडेपासून, गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलीमीटरमध्ये लिहून ठेवा. चेक नटपासून मोजलंत तर नट हलला की माप गेलं. शिवाय सोडवताना फेरे मोजा, पण फक्त फेऱ्यांवर विसंबू नका. नव्या भागाची लांबी जुन्याइतकीच असेल असं नाही.

एवढी काळजी का, ते आकड्यांत बघा. आट्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5 मिमी आणि नकलचा हात साधारण 120 मिमी धरला तर एका फेऱ्याने चाक सुमारे 0.7 अंश फिरतं. 14 इंची रिमच्या कडेला ते चारेक मिलीमीटर होतं. टो मात्र सहसा एक-दोन मिलीमीटरच्या आत राखायचा असतो.

चेक नट सांधा नकलमध्ये असतानाच पाव फेरा सैल करा, कारण तेव्हा धरायला बळ मिळतं. दुसऱ्या पान्याने टाय रॉड एंड धरा, नाहीतर सगळा जोर रॅक एंडवर जातो. मग स्प्लिट पिन काढा आणि खाचांचा नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे सांधा सुटताना उडत नाही. पुलर लावून ताण द्या आणि नकलच्या डोळ्यावर बाजूने एक-दोन हातोडे मारा. ताण आणि झटका एकत्र आले की टेपर, म्हणजे गोळ्याच्या बोल्टचा नकलमध्ये बसलेला निमुळता भाग, सुटतो. त्या बोल्टच्या टोकावर मारू नका, आटे मरतात.

नट फिरवताना बोल्टच फिरायला लागला तर खालून जॅकने सांधा हलका वर दाबा, टेपर पुन्हा पकड घेतो. काही बोल्टच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं, तिथे धरूनही चालतं.

नवा एंड चढवण्याआधी चेक नटच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. टेपरला मात्र ग्रीस, तेल काहीही नको; नकलचं भोक कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. धातूवर धातूची कोरडी पकड हाच त्या सांध्याचा आधार आहे. एंड लिहिलेल्या मापापर्यंत फिरवा, बोल्ट नकलच्या भोकात बसवा आणि बोल्टचा नट कसा. छोट्या हॅचबॅकमध्ये टॉर्क साधारण 35 ते 50 न्यूटन मीटर असतो. तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी कसा. मागे सैल करून भोक जुळवायचं नाही, ही चूक फार दिसते. चेक नट कसताना टाय रॉड एंड तिरपा फिरत नाही ना बघा; गोळा मधोमध नसेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो वाटीच्या कडेला अडकतो. शेवटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग वळवून दोन्ही बाजू बघून घ्या.

रॅक एंड बदलणं वेगळ्या पातळीचं काम आहे. त्याला रॅक एंडचं खास सॉकेट लागतं आणि रॅकचा दांडा पान्याने धरावा लागतो, नाहीतर जोर पिनियनवर (रॅक सरकवणाऱ्या दातेरी चाकावर) येतो. लांब बूटच्या आत पाणी किंवा गंजाचा लाल चिखल दिसला तर आमचा सल्ला साफ आहे: पहिल्याच प्रयत्नात हे काम घरी करू नका. रॅक खराब झाला तर खर्च कितीतरी पट वाढतो.

काम झाल्यावर टेप घेऊन दोन्ही पुढच्या टायरच्या मधल्या खाचांतलं अंतर पुढून आणि मागून, एकाच उंचीवर मोजा. फरक तीन मिलीमीटरपेक्षा जास्त असेल तर दुकानापर्यंत जाण्याआधी सुधारा. मग हळू, सर्वात जवळच्या अलाइनमेंटवाल्याकडे जा. हायवेवर नेऊ नका. त्याला स्टिअरिंग मधोमध लॉक करून दोन्ही बाजू सारख्या फिरवायला सांगा आणि आधीचं-नंतरचं प्रिंट मागा. दांडी फिरवताना लांब बूटचा क्लिप सैल केला नाही तर बूट पिळतो आणि महिन्या-दोन महिन्यांत फाटतो, तेवढं तिथे उभं राहून बघा.

घरी येऊन चेक नट आणि दांडी यांच्यावरून पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर टॉर्च मारून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे, तो कसून अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावं लागेल.