सुरतला गेलात तर बंदर बघून या

खान्देशी माणूस सुरतला दोनच कामांनी जातो. लग्नाचा बस्ता बांधायला, नाहीतर लिंबायत-उधन्याच्या नातेवाइकांकडे. नातेवाईक कापड मार्केट दाखवतात, संध्याकाळी डुमसला नेतात, की झाली सुरत. त्यांना स्पष्ट सांगा, भो, एक दिवस मला मोकळा सोडा. माझ्या साडूचं अर्धं आयुष्य तिथे लूमवर गेलं, पण किल्ला कुठे आहे ते त्याला मीच दाखवलं.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. मुंबईसारखी गोदी आणि क्रेन इथे शोधू नका. जुनं बंदर नदीकाठी होतं आणि नदी आपलीच, तापी. समुद्र पुढे लांब आहे. मोठी जहाजं मुखाबाहेर सुवाळीला नांगर टाकत आणि माल लहान होड्यांनी किंवा गाड्यांनी शहरात येई.

जाताना जमल्यास दिवसाची गाडी धरा आणि खिडकी सोडू नका. बऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा जुना व्यापारी रस्ता चोपडा, नंदुरबार, नवापूर असाच होता. सतराव्या शतकात तावर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या वाटेने गेला आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असं लिहून गेला. आज नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. फोटोसाठी उतरायचं असेल तर गाडी किती वेळ थांबते ते आधी विचारा.

सुरुवात चौक बाजारातून करा, सकाळीच. नंतर तिथे रिक्षांची इतकी दाटी होते की मान वर करून काही बघणं अवघड. किल्ला अगदी नदीकाठी. पोर्तुगीजांचे हल्ले रोखायला गुजरातच्या तिसऱ्या महमूद सुलतानाच्या काळात, १५४० च्या दशकात तो बांधला. १७५९ मध्ये तो कंपनी सरकारच्या हाती गेला. महापालिकेने त्याची डागडुजी करून आत संग्रहालय केलंय. मात्र नुसती दालनं बघून परतू नका. नदीच्या बाजूला उभे राहा, म्हणजे या जागी किल्ला का, ते कळतं. ओहोटीला काठावर चिखल उघडा पडतो. तापीचा हा गाळच बंदराला भोवला, आणि १६८७ मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणंही मुंबईला नेलं.

तिथून मुगलीसरा. १६४४ ची ही सराई हज यात्रेकरूंसाठी होती, आता महापालिकेची कचेरी आहे. दरवाजाची कमान बघा आणि पुढे चला.

खरा वेळ राखून ठेवा कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रज आणि डच कबरींसाठी. जॉर्ज ऑक्झेंडन हा इंग्रज वखारीचा प्रमुख. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा त्याने वखार लढवून राखली. १६६९ मध्ये तो वारला. त्याची कबर लांबून थेट दर्ग्यासारखी दिसते. घुमट, कमानी, जाड खांब आणि चुन्याचा गिलावा, जिथे पापुद्रे सुटलेत तिथे खालच्या विटा. जवळ गेल्यावरच कळतं की आत गोरा साहेब झोपलाय. डचांच्या बाजूला व्हान रीडची कबर त्याहून थाटाची, वर-खाली सज्जे असलेली. मलबारच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ तयार करवून घेणारा हाच, १६९१ मध्ये वारला. मेल्यावरही एकमेकांपेक्षा उंच बांधायची चढाओढ! दुपारच्या उन्हात फिरा, पण पाण्याची बाटली आणि टोपी हवीच.

जेवायला पूल ओलांडून रांदेरला जा. हे सुरतेपेक्षा जुनं बंदर, १५३० मध्ये पोर्तुगीजांनी लुटलं. तिथली आलू-पुरी खा. आपल्या जिभेला तिखट कमी पडेल, हिरवी मिरची मागून घ्या.

मग समुद्र. सुवाळी आणि डुमस तापीच्या मुखाच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे एका संध्याकाळी दोन्ही करायला जाऊ नका, फिरून यावं लागतं. माझं मत सुवाळीला. १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांना इथेच हरवलं आणि १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो इथेच उतरला. दुकानं फारशी नाहीत, परतीची रिक्षा ठरवूनच जा. पाण्यात मात्र उतरू नका, भरती झपाट्याने चढते. पोरं बरोबर असतील तर डुमसच बरं, काळी वाळू आणि टोमॅटोची भजी. भजी गरम असतानाच खा, गार झाली की आतला टोमॅटो पाणी सोडतो.