व्होकॅब घोकण्याआधी शब्दांचं कूळ बघा

बँकेच्या परीक्षा देणारी आपली मराठी मीडियमची पोरं दादर-ठाण्याच्या क्लासमधून व्होकॅबच्या याद्या आणतात आणि लोकलमध्ये लटकत लटकत घोकतात. याद्या वाईट नाहीत, पण पेपरात तोच शब्द जरा रूप बदलून आला की डोकं ब्लँक. मी पण मराठी मीडियमचाच, मला व्होकॅब जमायला लागलं ते शब्द कुठून आला हे बघायची सवय लागल्यावर, म्हणून नवीन लोकांसाठी लिहितोय.

सुरुवात 'रप्ट'पासून करा. लॅटिनमधलं मूळ, अर्थ तुटलेलं, फुटलेलं. मग इंटरप्ट म्हणजे मधेच तोडणं, इरप्ट म्हणजे फुटून बाहेर येणं, करप्ट म्हणजे पार नासलेलं, आणि बँकरप्टची तर गंमतच, इटालियनमध्ये बांका म्हणजे सराफाचं बाकडं, बँक शब्द त्यातूनच आला, आणि बांका रोत्ता म्हणजे मोडलेलं बाकडं! वहीत एका पानावर एकच मूळ, खाली त्याची पिल्लावळ, आणि प्रत्येक शब्दापुढे पेपरात छापून आलेलं एक वाक्य. वाक्याचा कंटाळा केलात तर सगळं मुसळ केरात, कारण शब्द वापरायचा कुठे ते मूळ सांगत नाही.

स्पेलिंगला पण याचा फायदा होतो. डेट म्हणजे कर्ज, त्यात बी कशाला? फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा नव्हताच तो, नंतर पंडित मंडळींनी लॅटिनच्या डेबिटमशी नातं दाखवायला घुसडला, लोक बोलायचे तसंच बोलत राहिले. डेट आणि डेबिट सख्खी भावंडं, हे एकदा कळलं की तो बी सुटत नाही.

शाळेत संस्कृत होतं ना? मग अर्धं काम झालंय. दंत-डेंटल, नाम-नेम, मृत्यू-मॉर्टल, हे योगायोग नाहीत, या भाषा एकाच कुळातल्या. मॉर्टगेजमध्येही तोच मृत्यू बसलाय, जुन्या फ्रेंचमध्ये अर्थ 'मेलेलं तारण' (मुंबईत होम लोन घेतलेल्यांना वेगळं समजावायला नको).

पण दिसलं साम्य की लावलं लग्न, असं नको. पॉशची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, इंग्लंड-मुंबई बोटीवर जाता-येता सावलीच्या बाजूची केबिन, म्हणून 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावी बाजू, येताना उजवी), या शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पॉश वगैरे. झकास आहे, पण पुरावा शून्य. असलं काही कानावर आलं की एटिमऑनलाइन या शब्दांची मुळं सांगणाऱ्या वेबसाइटवर बघा, फुकट आहे, किंवा फोर्टच्या फुटपाथवरून जुनी जाडजूड डिक्शनरी उचला, फक्त आत शब्दाचं मूळ दिलंय ना ते चाळून घ्या. आणि मंगूसचं अनेकवचन विचारलं तर गूस-गीस आठवून मंगीस लिहू नका हां, मंगूसेस लिहा, तो आपल्या मराठी मुंगुसावरून गेलाय, त्या गूसशी त्याचं काही देणंघेणं नाही.